चिठ्ठीखालचं पान

करीम, तुला माती देऊन आज एकवीस दिवस झाले, आणि आज सकाळीही अंबादासनं दारातूनच विचारलं, "मास्तर, दगड घासू का?"

रोज विचारतो. त्याचं काही चुकत नाही. छापखान्यात दगड चार. त्यातले तीन कचेरीच्या उर्दू फॉर्मांना कायमचे जुंपलेले, चौथा तेवढा आपल्या 'नादवेल' मासिकाचा. त्या चौथ्यावर तू लिहिलेलं शेवटचं पान आहे. ते घासून काढल्याशिवाय पुढचं पान त्यावर चढत नाही, आणि अंक निघायचा दिवस तर कधीच उलटून गेला. काल मालकही खाकरून म्हणाले, मास्तर, दगड काही कबरीवर लावायला आणलेला नाही. मी त्यांना काय बोललो ते तुला सांगत नाही. तू असतास तर माझ्या तोंडावर हात ठेवला असतास.

अंबादासला मी रोज "उद्या" म्हणतो. मग उठतो, दगडापाशी जातो, त्यानं वरून फिरवलेला डिंकाच्या पाण्याचा थर ठीक आहे का ते बघतो, परत येतो, पेटी उघडतो, पेटी बंद करतो. घरात बस म्हणलं तर बसवत नाही, आणि छापखान्यात तुझ्या चटईकडं पाठ करून बसावं लागतं. गल्लीतले लोक म्हणतात, मास्तर दुःखात आहेत. दुःख आहेच रे, पण त्याहून जास्त मी चिडलोय. भांडण अर्ध्यात टाकून कुणी जातं का बे?

आठवतं का, मासिक काढायचं खूळ माझ्या डोक्यात आलं तेव्हा मालक किती हसले होते! बीडात पेटी शिकवणारा एक मास्तर, शिकणारी पोरं सात, आणि हा म्हणे स्वरलिपीसकट पदं छापून महिन्याच्या महिन्याला लोकांच्या घरी धाडणार. छापखान्यातले सगळे हसत होते. तू तेवढा कोपऱ्यात चटईवर बसून कुणाच्या तरी निकाहाचा दावतनामा लिहीत होतास. मान वर न करता म्हणालास, "मास्तर, त्या सा रे ग मला चौकटी लागतेल का?" मी म्हणलं, लागतील, सोळा मात्रांच्या सोळा. "मग मी लिहितो," म्हणालास. "लई दिवस झाले, चौकट काढली न्हाई."

तुला उर्दूचं वळण, देवनागरी नुसती वाचण्यापुरती. माझ्या पदांच्या वह्या घरी नेऊन दोन महिन्यांत तू असं अक्षर काढायला लागलास, की हैदराबाद संस्थानातले भलेभले शास्त्री विचारायचे, छपाईचे खिळे कुठून मागवले? आता यांना कोण सांगणार की शिळाछापात खिळे नसतात. कातिब पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं लिहितो, तो कागद दगडावर दाबला की अक्षर दगडावर उतरतं, आणि दगडावरनं जितके कागद काढाल तितक्यांवर कातिबाचाच हात. माझं मासिक म्हणून लोक जे उघडत होते, तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तुझा हात होता. मी हे कधी कुठं छापलं नाही. संपादक म्हणून माझं नाव मात्र प्रत्येक अंकावर, तेही तुझ्याकडूनच ठळक लिहून घेतलेलं.

आणि तो पेशकार! अव्वल तालुकदारांच्या कचेरीत परवानगीला धाडलेला दुसरा अंक अडकवून बसला होता. म्हणे, सा, रे, ग, म, वर टिंब, खाली रेघ, ही काय गुप्त लिपी आहे? कुणाला काय निरोप धाडता? माझी तर बोबडीच वळली. तू टोपी सारखी करत पुढं झालास आणि ते अख्खं पान त्याला वाचून दाखवलंस, सुरात नव्हे, कोर्टाचं समन्स वाचतात तसं. "सा, सा, रे, ग. ग, रे, सा. हुजूर, पुढं बी हेच हाय." पेशकार दुसऱ्या पानावर कंटाळला आणि म्हणाला, न्या, न्या, छापा. बाहेर आल्यावर आपण कचेरीच्या भिंतीला टेकून पोट दुखेस्तोवर हसलो होतो.

तुला सूर कळत नाही, असं तूच म्हणायचास. "मास्तर, तुझा भूप काय आन् यमन काय, मला दोन्ही सारखेच." मी ते खरं मानलं. ही माझी पहिली चूक.

आपलं भांडण तसं पहिल्या अंकापासूनचं, जागेचं. कागद हैदराबादेहून यायचा, आला तर आला. मला वाटायचं एकेका पानात जितकं कोंबता येईल तितकं कोंबावं, वर पद, खाली त्याची स्वरलिपी, उरल्या जागेत तालाचा ठेका, कडेनं रागाची माहिती. तू पान माझ्यापुढं धरायचास आणि म्हणायचास, "ह्यात वाचणाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा? पानाला दम खाऊ दे बे." चारी बाजूंनी चार बोटं जागा मोकळी पाहिजे, हा तुझा हट्ट. मी म्हणायचो, मोकळी जागा वाचायला लोक पैसे देत नाहीत. तू गप बसायचास, आणि पान छापून आलं की चार बोटं जागा मोकळीच असायची. कशी करायचास देव जाणे. अक्षर बारीक करायचास की माझी रागाची माहिती खायचास, मी कधी मोजलं नाही.

मग तू उमापूरच्या बाजाराला म्हणून गेलास आणि येताना तलवाड्याला हमीदाआपाकडं, तुझ्या बहिणीकडं, राहिलास. तू तिकडं गेलास की प्रत्येक वेळी एक अंक नेऊन तिथल्या भजनी मंडळाला द्यायचास, एवढं मला ठाऊक होतं. त्या खेपेला परत आलास तो पायातल्या वहाणा न काढताच माझ्यापुढं बसलास.

"मास्तर, आपला अंक कोण वाचतंय, तुला ठावं हाय का?"

मी म्हणलं, आहे की. जालन्याचे वकीलसाहेब वाचतात, औरंगाबादचे हेडमास्तर वाचतात. पत्रं येतात त्यांची.

"पत्रं लिवणारे येगळे. मी गाणाऱ्यांचं इचारतोय."

आणि तू मला सांगितलंस. मारुतीच्या देवळापुढं भजनाला माणसं बसतात ती दोन रांगांत, समोरासमोर, सहा इकडं, सहा तिकडं. इकडच्यांनी ओळ धरायची, तिकडच्यांनी ती उचलायची. अंक एकच. तो मधोमध घोंगडीवर उघडा ठेवलेला. म्हणजे इकडच्यांना पान सरळ, आणि समोरच्यांना खालचं डोकं वर. समोरचे बिचारे माना वाकड्या करून बघतात, मग सोडून देतात आणि इकडच्यांच्या तोंडाकडं बघून मागनं गातात. "त्यायची ओळ दर खेपंला उशिरा पडती," तू म्हणालास. "तुला ऐकू आलं आसतं तर तू पेटी फेकून मारली असती."

मला तेव्हाच विचारायला हवं होतं, की सूर-ताल कळत नाही म्हणणाऱ्याला ओळ उशिरा पडलेली कशी कळली? नाही विचारलं.

तू खिशातनं कागद काढलास. मधोमध घडी. खालच्या अर्ध्यात धरायची ओळ, सरळ. मग कागद फिरवलास, आणि वरच्या अर्ध्यात उचलायची ओळ, समोर बसणाऱ्याला सरळ. "ज्याच्या पुढ्यात जे ऱ्हाईल, त्याला ते वाचता येतंय. कागद तितकाच, खर्च तितकाच. छापू?"

मी म्हणलं, वेडा झालास का? अर्धं पान उलटं बघून लोक म्हणतील, मास्तर पिऊन अंक काढतो. वकीलसाहेब काय म्हणतील?

"वकीलसाब एकटे वाचतेत. त्येंनी कागद फिरवावा."

"तलवाड्याच्या बारा माणसांसाठी मी मासिक उलटं करू?"

"उलटं न्हाई बे. त्यायच्यासाठी सरळ."

ते भांडण तिथंच थांबलं असतं तर आज मी तुला हे लिहायला बसलो नसतो. पण पुढच्या महिन्यात मी पैठणला एका गाण्याला गेलतो, आठ दिवस, आणि जाताना तुझ्या हातात माझं स्वतःचं पद ठेवून गेलतो. स्वतः रचलेलं, स्वतः चाल लावलेलं. अंकाच्या मधल्या पानावर घ्यायचं होतं. परत आलो तर सगळे अंक छापून, शिवून, वाळत घातलेले. मी मधलं पान उघडलं, आणि माझं अर्धं पद डोकं खाली करून पडलेलं.

त्या दिवशी मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मला तर शब्दन् शब्द आहे. अंबादास दगडावर वाळू टाकत होता, मालक दारात होते, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुला गाण्यातलं काय कळतंय? तू बहिरा. तुझं काम अक्षर काढायचं, तेवढंच कर."

तू शाईचं झाकण लावलंस, उघडलंस, परत लावलंस.

मग मी शहाणपणा केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. अंक टाकून देणं परवडणार नव्हतं, म्हणून वरच्या अर्ध्या पानावर डकवायला अर्ध्या पानाएवढी चिठ्ठी छापायची ठरवली. तिच्यावर त्याच ओळी, वकीलसाहेबांना वाचता येतील अशा, आणि वर खुलासा. आता चिठ्ठी छापायची म्हणजे ती लिहायलाही कातिब पाहिजे, आणि बीडात नागरी लिहिणारा कातिब एकच. तू पिवळा कागद पुढं ओढलास आणि विचारलंस, "काय लिहू?"

मी मजकूर सांगितला. "या पानावरील वरचा अर्धा भाग नजरचुकीने उलटा लिहिला गेला."

तू बोरू थांबवलास. "कुणाच्या नजरचुकीनं?"

"कातिबाच्या," मी म्हणलं.

तू ते लिहिलंस. इतकं देखणं लिहिलंस, करीम, की मला आजही ती ओळ बघवत नाही. तुझ्या हातानं तुझ्यावरच आळ. मग खळीचं भांडं घेऊन तूच माझ्यासोबत बसलास आणि शे-दीडशे अंकांवर आपण दोघांनी त्या चिठ्ठ्या डकवल्या. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तू प्रत्येक चिठ्ठीचे कोपरे अंगठ्यानं दाबत होतास, सरळ बसावी म्हणून.

त्यानंतर तू कामाला येत राहिलास, पानं सरळ लिहीत राहिलास. चहाला मात्र माझ्याबरोबर उठला नाहीस. मला वाटलं, निवळेल. माणूस काही उद्याच जात नसतो, असं आपण धरूनच चालतो.

मग तुला मुदतीचा ताप आला. मी दोनदा आलो बघायला. खाटेपाशी बसून काय बोललो? कागद अजून आला नाही. जालन्याच्या वकीलसाहेबांचं पत्र आलंय. मालकांना गुडघेदुखी धरलीय. बोलायचं ते सोडून सगळं बोललो. तू एकदाच डोळे उघडून विचारलंस, "दगड बघितला का?" मला वाटलं, कचेरीचा कुठला तरी फॉर्म अडलाय, त्याचं विचारतोयस. मी म्हणलं, "बघतो रे, तू बरा हो आधी." तू माझ्याकडं बघितलंस आणि भिंतीकडं वळलास. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. आणि माझं तुझ्याशी, "बरा हो आधी." थूत् माझ्या तोंडाला.

तुला माती देऊन आल्यावर अंबादासनं मला दगडापाशी नेलं. म्हणाला, "आजारी पडायच्या आदल्या दिशी करीमभाईनं पान चढीवलं. म्हणले, मास्तर म्हणला तर छाप, न्हाईतर घास. मला सोताहून काई सांगू नको म्हणले, त्येला बघू दे."

दगडावर अक्षरं आरशातल्यासारखी असतात, ती वाचायची मला सवय नाही. कोंबडीसारखी मान इकडून तिकडं करत मी बघत होतो. खालचा अर्धा भाग लागला. वरचा काही केल्या लागेना. मग उमगलं. पान पुन्हा दोन तोंडांचं होतं. माझंच दुसरं पद, पुढच्या अंकासाठी दिलेलं. माझी इतकी बोलणी खाऊन, स्वतःच्या हातानं ती चिठ्ठी लिहून, तू पुन्हा तेच केलं होतंस.

मी चिडलो. खरं सांगतो, तुझी माती हाताला लागलेली असताना मी चिडलो. मेला तरी हट्ट सोडला नाही, म्हणलं. घास, असं म्हणायला तोंडही उघडलं, पण शब्द निघेना. छाप म्हणायलाही निघेना. तेव्हापासून हे "उद्या" चाललंय.

परवा भाभींनी बोलावून घेतलं. त्या इद्दतीत, तुझ्यामागं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडता येत नाही. पडद्याआडून म्हणाल्या, हमीदाआपाला यांचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, काहीतरी यांच्या हातचं तिला पोचवा. तुझं कलमदान फडक्यात बांधून माझ्याकडं दिलं. मी छकडा करून तलवाड्याला गेलो. हमीदाआपानं कलमदान घेतलं, उघडून त्यातल्या एकेका बोरूवरनं बोट फिरवलं, खूप रडली. मग म्हणाली, "भाईजान आया की मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा. आज एकादस हाय, भजन बसलं आसंल. जाऊन या."

माझी इच्छा नव्हती. पण बसवतही नव्हतं, म्हणून गेलो.

ऊन कलायला लागलं होतं. सहा इकडं, सहा तिकडं, तू सांगितलंस तसंच. मधे घोंगडीवर अंक. मी लांबूनच ओळखला, माझं पद मधल्या पानावर असलेला तोच अंक. आणि गाणं कानावर आलं. इकडच्यांनी ओळ धरली आणि समोरच्यांनी ती उचलली, करीम, अशी नेमकी समेवर उचलली, की मी उभ्या उभ्या हातानं ताल धरला. माझं पद माझ्या शिष्यांनी कधी असं म्हटलं नाही.

भजन थांबल्यावर पुढं गेलो आणि पान बघितलं. चिठ्ठी नव्हती. वरच्या अर्ध्यावर पिवळट डाग होता, खळीचा, आणि त्या डागावर तुझी अक्षरं जशीच्या तशी. तेलकट शाई पाण्याला दाद देत नाही.

मंडळाचे म्होरके सोपानबुवा. त्यांनी विचारलं, कुठले पाव्हणे? मी म्हणलं, बीडचा, छापखान्यातला.

"बरं झालं भेटलात," ते म्हणाले. "करीमभाईंनी अंक दिला तवा हितं चिठ्ठी डकिवलेली व्हती. आमी म्हणलं ही कावून? तर म्हणले, मास्तरचं म्हणणं हाय, ऱ्हाऊ द्या. पर आमच्या किसननं पान उन्हाला धरलं, तर खाली अक्षरं दिसली, त्येच्या अंगाला तोंड केल्याली. मंग काय! वलं फडकं लावून लावून दोन दिसांत काढली. तवापासून ही समोरची रांग कधी मागं पडली न्हाई. इचारा त्यान्ला."

समोर बसलेला किसन लाजला. म्हणाला, "आमच्या बाजूनं आजपस्तोर कुणी छापलंच नव्हतं."

"करीमभाईंना ठाऊक होतं का, चिठ्ठी काढल्याचं?" मी विचारलं.

"व्हय की. पुढच्या खेपंला आले, तवा बघितलं. लई वेळ बघत बसले. डोळे पुसले, हसले. आन् म्हणले, मास्तरला सांगू नका, त्येला वाईट वाटंल."

करीम, तू माझी लाज राखायला गेलास रे. मी चारचौघांत तुझी काढली आणि तू माझी झाकून ठेवलीस. आणि तिथून परत येऊन तू तो दगड लिहिलास. हट्ट नव्हता तो. तू डोळ्यांनी बघून आला होतास. मी इथं छापखान्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो आणि तू दर खेपेला पारावर जाऊन बसत होतास.

"मीच तो मास्तर," मी म्हणलं.

बुवा काही ओशाळले नाहीत. थोडं सरकून म्हणाले, "आसं व्हय. मंग बसा की. तिकडच्या अंगाला जागा हाय."

मी बसलो नाही. छकडा थांबलाय म्हणालो आणि पळून आलो. वाटेत गेवराईपर्यंत छकडेवाला काय काय सांगत होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बहिरा कोण, ते त्या दिवशी कळलं.

आज सकाळी अंबादासनं दारातून विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा "उद्या" म्हणालो नाही. म्हणलं, "छाप."

"आस्संच? उलटं?"

"उलटं नाही बे. छाप."

पहिला कागद निघाला तो ओलाच मी जमिनीवर ठेवला. अंबादासला म्हणलं, बस. तो बिचारा हात पुसत संपादकाच्या बाजूनं, म्हणजे खालच्या अर्ध्यापुढं बसला. त्याला चार अक्षरं येतात, गळाही बरा आहे. मी समोर जाऊन बसलो, तुझ्या चटईवर, भिंतीला पाठ लावून. इतक्या वर्षांत मी त्या चटईवर कधी टेकलो नव्हतो. अंबादासनं ओळ धरली, थोडी चढी लावली. माझ्यापुढं माझी ओळ सरळ होती. तरी पहिली ओळ गेलीच. दुसरी उचलली. दारात मालक उभे होते. सगळं पद आम्ही दोघांनी म्हटलं. तिथून अगदी नीट वाचता येतं रे, करीम. हे तुला खाटेपाशी बसून सांगायचं होतं.

दुपार कलेपर्यंत सगळे कागद निघाले. अंबादासनं यंत्र थांबवलं, कपाळ पुसलं आणि नेहमीचं विचारलं, या खेपेला जरा हळूच, "मास्तर, आता घासू का?"

मी म्हणलं, घास. मग त्याच्या हातातली वाळू मीच घेतली. बिंदुसरा नदीची वाळू, थोडं पाणी, वरून दुसरा दगड, आणि गोल गोल फिरवत राहायचं. तुझं अक्षर लवकर जात नाही. 'ळ' सगळ्यात शेवटी गेला, त्याला तू उर्दूचा झोक द्यायचास ना, तो. मी रडत होतो आणि अंबादास पाणी घालत होता.

दगड मोकळा करायलाच पाहिजे होता, कारण त्यावर आता एक पान चढायचंय. बीडात नागरीचा कातिब उरला नाही, म्हणून पिवळा कागद घेऊन मीच लिहिलंय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, शाई दोन ठिकाणी सांडलीय, तू बघितलं असतंस तर कपाळाला हात लावला असतास. लिहिलंय ते इतकंच: "मागे एका अंकात मधल्या पानावर चिठ्ठी डकवली होती. वाचकांनी ती ओल्या फडक्याने काढून टाकावी. खालचे पान बरोबर आहे. चूक संपादकाची होती. ते पान आणि या मासिकाचे प्रत्येक पान करीमुद्दीन कातिब यांच्या हातचे." अंबादास म्हणाला, मास्तर, एवढ्या मोठ्या पानावर एवढंच? खाली एखादं पद बसंल की, ठेका बसंल.

मी म्हणलं, राहू दे. बाकीचं सगळं पान मोकळं सोडलंय.